महानगरात विज्ञानाची दारे कोठे उघडतात?

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील गोष्ट. मुंबईच्या खेतवाडीत राहणाऱ्या एका शाळकरी मुलाने आपल्या छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. उचलून पाहतो तो तिच्या गळ्यावर पिवळा डाग! घराच्या आढ्यात घरटी करणाऱ्या चिमणीला असा डाग नसतो. मग ही कोण? मुलाने मामांना विचारले. मामा पट्टीचे शिकारी, पण त्यांनाही सांगता येईना. मात्र ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. त्यांनी संस्थेचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्या नावे एक चिठ्ठी लिहून दिली आणि मुलाला फोर्टमधील कचेरीत पाठवले.

मुलगा बिचकतच आत गेला. मिलार्डसाहेबांनी पक्षी ओळखला, आणि तेवढ्यावर न थांबता कपाटातील एकेक खण ओढून त्याला पेंढा भरलेले पक्षी दाखवले. वाचायला पुस्तके दिली. पक्ष्याची कातडी कशी सोडवायची, नमुना कसा टिकवायचा, टिपण कसे ठेवायचे हे शिकण्यासाठी पुन्हा यायला सांगितले. तो मुलगा म्हणजे पुढे पक्षिशास्त्रज्ञ म्हणून जगभर गाजलेले डॉ. सालिम अली.

विद्यार्थी मित्रांनो, ही गोष्ट तुम्ही पूर्वी ऐकली असेल. पण तिच्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहा. त्या मुलाला त्या दिवशी काय मिळाले? अभ्यासक्रम नाही, प्रमाणपत्र नाही, बक्षीस तर नाहीच. मिळाले ते असे : विषय जाणणारे एक माणूस, हाताळायला खऱ्या वस्तू, आणि पुन्हा येण्याची मुभा. शाळेबाहेरच्या कोणत्याही विज्ञान उपक्रमाची पारख करताना हीच तीन मापे लावावीत असे मला वाटते.

गोष्टीत आणखी एक पात्र आहे. ते म्हणजे मामांची चिठ्ठी. मुलाजवळ प्रश्न होता, शहरात त्याचे उत्तर देणारे ठिकाणही होते, पण ही दोन टोके जोडणारा कोणी तरी घरात असावा लागला. मुंबईसारख्या महानगरात आजही अडते ते येथेच. दारे पुष्कळ आहेत, त्यातली कित्येक विनामूल्य आहेत, आणि ज्यांना त्यांची सर्वांत जास्त गरज आहे त्या मुलांच्या घरी त्यांची खबरच पोहोचत नाही. म्हणून या लेखात मुंबईतील अशा काही दारांची ओळख करून घेऊ.

फलकावरचे विज्ञान

हल्ली नाक्यानाक्यावर 'स्टेम' असा शब्द लिहिलेले फलक दिसतात. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या चार विषयांच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरे जोडून तो तयार झाला आहे. अमेरिकेत तो आधी रूढ झाला आणि तेथून आपल्याकडे आला. शब्दात वाईट काही नाही. पण त्या फलकाखाली चालणारे वर्ग सारखे नसतात, आणि शुल्काच्या आकड्यावरून त्यांचा दर्जा ठरत नाही.

एक उदाहरण घेऊ. यंत्रमानवाच्या वर्गात बहुधा पहिल्यांदा काळ्या रेघेवरून चालणारी छोटी गाडी बनवतात. गाडीच्या पोटाशी दोन संवेदक असतात. त्यांतून अवरक्त किरण खाली पडतात. पांढऱ्या कागदावरून ते परत फिरतात, काळ्या रेघेत बरेचसे शोषले जातात. एक संवेदक रेघेच्या डावीकडे, दुसरा उजवीकडे. डाव्या संवेदकाला काळे दिसले, की गाडी उजवीकडे भरकटली असे समजायचे, डावे चाक मंद करायचे, आणि गाडी आपोआप डावीकडे वळते. एवढीच युक्ती.

आता एका वर्गात मुलांना सुट्या भागांची पेटी देतात, छापील पानावरच्या क्रमाने ते भाग जोडून घेतात, गाडी चालते, छायाचित्र निघते, मुले घरी जातात. दुसऱ्या वर्गात गाडी चालू लागल्यावर शिक्षक म्हणतात, "संवेदकांमधले अंतर दुप्पट करा. काय होईल ते आधी वहीत लिहा, मग करून पाहा." गाडी झोकांड्या खाऊ लागते. "बरे, आता ते रेघेच्या रुंदीपेक्षा कमी करा." दोन्ही संवेदकांना काळेच दिसते आणि गाडी गोंधळते. पहिल्या वर्गात जोडकाम झाले, दुसऱ्यात विज्ञान झाले. दोन्ही ठिकाणची पेटी मात्र तीच!

तेव्हा पालकांनी प्रवेश घेण्यापूर्वी एखादा तास मागे बसून पाहावा. साधने मुलांच्या हातात आहेत की काचेमागे? काही बिघडले तर शिक्षक चटकन स्वतः दुरुस्त करून मोकळे होतात, की मुलांना कारण शोधू देतात? असा तास पाहू द्यायला जो वर्ग तयार नसतो, त्याच्या वाट्याला न जाणे बरे.

वरळीच्या दोन वास्तू

पश्चिम रेल्वेच्या महालक्ष्मी स्थानकावरून चालत गेले की वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र लागते. १९७७ मध्ये प्रकाश व दृष्टी या विषयावरील दालनाने त्याची सुरुवात झाली, १९७९ मध्ये मुलांसाठी मोकळ्या जागेतले विज्ञान उद्यान झाले, आणि १९८५ मध्ये संपूर्ण केंद्र खुले झाले. 'हात लावू नये' अशी पाटी हेच आपल्याकडच्या संग्रहालयांचे लक्षण मानले जाई, त्या काळात हात लावण्यासाठीच मांडलेली उपकरणे ही केवढी नवलाई होती याची आज कल्पना येणार नाही.

पण शाळेची सहल तेथे जाते कशी? दोनशे मुले, दोन तास, आणि रांगेत धावत पाहिलेली सगळी दालने. मुलांना शेवटी आठवतो तो डब्यातला खाऊ. त्यापेक्षा चारपाच जणांनी रविवारी जावे आणि दोनच उपकरणांपाशी बसावे. विज्ञान उद्यानांत कप्प्यांची खुर्ची हा प्रकार नेहमी आढळतो. खुर्चीत बसून दोर ओढायचा आणि स्वतःलाच वर उचलायचे. कप्प्या वाढवल्या की जोर कमी लागतो. हे सर्वांना जाणवते. पण आपण एक हात वर गेलो तेव्हा दोर किती हात ओढला, हे मोजतो कोण? मोजून पाहा. जोरात जेवढी सूट मिळाली तेवढी किंमत दोराच्या लांबीत मोजावी लागलेली दिसेल.

तशाच दोन मोठ्या खोलगट तबकड्या. एकमेकींपासून दूर, तोंडे समोरासमोर. एकीच्या नाभीपाशी कुजबुजले की दुसरीच्या नाभीपाशी कान लावलेल्या मित्राला स्पष्ट ऐकू येते. एरवी आवाज चहूकडे पसरतो, त्यामुळे अंतर दुप्पट झाले की त्याची तीव्रता एकचतुर्थांश होते. अन्वस्ताच्या आकाराची तबकडी मात्र नाभीपासून निघालेल्या ध्वनीचा समांतर झोत करते, आणि दुसरी तबकडी तो झोत पुन्हा एका बिंदूत गोळा करते. कान नाभीपासून वीतभर बाजूला नेऊन पाहा, फरक लगेच कळेल. हाच आकार घराच्या गच्चीवरील दूरचित्रवाणीच्या तबकडीला असतो, आणि नारायणगावजवळच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या अँटेनांनाही.

केंद्रात सुट्टीच्या काळात मुलांसाठी छंदवर्ग व शिबिरे भरतात. त्यांच्या जागा मर्यादित असल्याने चौकशी आधीच करावी. जवळच अ‍ॅनी बेझंट मार्गावर नेहरू तारांगण आहे. ३ मार्च १९७७ रोजी ते सुरू झाले. तारांगणाचा खेळ सुंदर असतो, परंतु घुमटावरचे तारे पाहणे आणि आकाशातले तारे ओळखणे यात अंतर आहे. ते अंतर कापायचे तर शहराबाहेर जावे लागते.

कर्जतच्या गाडीने आकाशाकडे

१९८५-८६ मध्ये हॅलेचा धूमकेतू आला तेव्हा मुंबईत अनेक हौशी मंडळी रात्री जागू लागली. त्याच सुमारास खगोल मंडळ ही संस्था उभी राहिली. धूमकेतू गेला, पण मंडळ राहिले. पावसाळा सरला की मंडळाचे लोक वांगणीसारख्या ठिकाणी रात्रभराचे आकाशदर्शन ठेवत आले आहेत. वांगणी हे मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर बदलापूरच्या पलीकडचे स्थानक. संध्याकाळी लोकलने जायचे, रात्र उघड्यावर सतरंजीवर काढायची, पहाटेच्या गाडीने परत.

एवढा खटाटोप कशासाठी? काळोख्या, निरभ्र रात्री नुसत्या डोळ्यांना एका वेळी दोनअडीच हजार तारे दिसू शकतात. मुंबईच्या एखाद्या उजळ रस्त्यावरून मोजा, शंभरसुद्धा भरणार नाहीत. रस्त्यावरच्या दिव्यांचा वर जाणारा प्रकाश धुळीवर व बाष्पावर विखुरतो, आकाशाची पार्श्वभूमीच उजळते आणि मंद तारे तीत बुडून जातात. तारे विझलेले नसतात, फक्त त्यांना दिसण्यासाठी काळोख उरलेला नसतो.

ज्यांना वांगणीस जाता येणार नाही त्यांनी खट्टू होऊ नये. चंद्र, शुक्र, गुरू आणि शनी यांचे शहराच्या दिव्यांवाचून काही अडत नाही. साधी द्विनेत्री दुर्बीण खिडकीच्या चौकटीला घट्ट टेकवून गुरूकडे पाहा. त्याच्या शेजारी एका ओळीत दोन, तीन किंवा चार ठिपके दिसतील. गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत पाहिले तेच हे उपग्रह. ओळ रोज बदलते. आठ दिवस न चुकता चित्र काढले तर चाळीच्या गॅलरीतूनही खरे निरीक्षण होते, आणि मंडळाच्या बैठकीला जाताना ती वही बरोबर नेली तर तुमचे स्वागत निराळेच होईल.

तिथीची पाऊणपट

मुंबईतील सर्वांत मोठी आणि सर्वांत स्वस्त प्रयोगशाळा कोणती? माझे मत विचाराल तर ओहोटीचा किनारा. गिरगाव चौपाटीच्या कडेचे खडक, वांद्र्याच्या कार्टर रोडलगतचा खडकाळ पट्टा, जुहूची ओली वाळू. भरतीला हे सारे पाण्याखाली असते. ओहोटीला पाणी मागे हटते आणि खळग्याखळग्यांतून शंखात घर करणारे खेकडे, समुद्रफुले, कालवे, गोगलगायी दिसू लागतात. मुंबईच्या किनाऱ्यावर प्रवाळही आहेत, हे कित्येकांना खरे वाटत नाही. परंतु सागरी किनारा मार्गाच्या कामात हाजी अली आणि वरळी येथील प्रवाळांच्या वसाहती २०२० मध्ये दुसरीकडे हलवाव्या लागल्या, तेव्हा वर्तमानपत्रांतून त्यांची बातमी झाली होती.

२०१७ पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या नावाने काही निसर्गप्रेमी नागरिक लोकांना अशा किनाऱ्यांवर फिरवू लागले. त्यांचा नियम सोपा : पाहा, छायाचित्र घ्या, नोंद करा, पण उचलू नका आणि दगड उलटा केलात तर पूर्ववत ठेवा. येथे नोंदीला खरी किंमत आहे, कारण इतक्या गजबजलेल्या शहराच्या किनाऱ्यावर काय काय राहते याची यादी अशा नोंदींतूनच वाढत जाते. विद्यार्थ्याने टिपलेला एखादा जीव त्या यादीत भर घालू शकतो.

किनाऱ्यावर जायचे केव्हा, हे ठरवण्याची आपल्या कोकणकिनाऱ्यावर एक जुनी रीत आहे. पक्षातली तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. जो आकडा येईल तितके वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला चाराचे पाऊणपट तीन, म्हणून तीनच्या सुमारास भरती, दुपारी आणि पहाटेही. तेथून सुमारे सहा तासांनी, म्हणजे नऊच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेला सव्वाअकरा, आणि ओहोटी संध्याकाळी व पहाटे साडेपाचच्या आसपास. अमावास्या-पौर्णिमेला चंद्र व सूर्य एकाच रेषेत ओढतात, म्हणून त्या दिवसांत उधाण येते आणि ओहोटीही सर्वांत दूर जाते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा पाणी फारसे मागे सरत नाही. किनारा पाहायचा तर उधाणाचे दिवस धरावेत.

हा पाऊण तास आला कोठून? पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी घेईपर्यंत चंद्र आपल्या कक्षेत पुढे सरकलेला असतो. त्याला पुन्हा डोक्यावर आणायला पृथ्वीला सुमारे ५० मिनिटे जास्त फिरावे लागते. म्हणून भरती रोज तेवढी उशिरा येते. ५० मिनिटांऐवजी हिशेबाला सोपी अशी ४५ मिनिटे घेतली की झाली पाऊणपट. अर्थात रोजची ही पाच मिनिटे साठत जातात आणि पौर्णिमेपर्यंत तासाभराची तफावत पडू शकते. छापील भरती-ओहोटीच्या कोष्टकाशी महिनाभर ताडून पाहा. कोणत्या तिथीला ही रीत सर्वांत जवळ येते, कोणत्या तिथीला चुकते, याचा आलेख काढा. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात दरवर्षी मांडल्या जाणाऱ्या ज्वालामुखीपेक्षा हा प्रकल्प केव्हाही सरस! एक सूचना मात्र कधीही विसरू नये. किनाऱ्यावर एकट्याने जाऊ नये, मोठे माणूस बरोबर असावे, आणि पाणी चढू लागले की मोह न धरता मागे फिरावे.

किनाऱ्याची ओढ लागली नाही तर जंगल आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ मध्ये स्थापन झाली आणि आज फोर्टमधील हॉर्नबिल हाऊस येथे तिचे कार्यालय आहे. गोरेगावला चित्रनगरीजवळ, राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला, तिचे निसर्ग शिक्षण केंद्र आहे. शीव-वांद्रे जोडरस्त्यावर धारावीसमोर महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. एके काळी तेथे शहराचा कचरा टाकीत. त्या उकिरड्यावर माती घालून झाडे लावली गेली आणि १९९४ मध्ये उद्यान खुले झाले. कचऱ्यावर जंगल कसे उभे राहते हे पाहण्यासाठी तरी शिक्षकांनी मुलांना तेथे न्यावे.

भाषेची भिंत

आता थोडे कठीण प्रश्नाकडे वळू. वर सांगितलेल्या ठिकाणी पालिकेच्या शाळेतला मुलगा किंवा मुलगी गेली, आणि समोरचे सगळे बोलणे जड वाटले, तर? पहिल्या दिवशी ती गप्प बसेल, दुसऱ्यांदा येणार नाही.

या प्रश्नावर मुंबईत बरेच काम झालेले आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील काही शास्त्रज्ञांनी पालिका शाळांतील विज्ञान शिक्षणात लक्ष घातले आणि त्यातून १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झाले. आज ते मानखुर्दला स्वतःच्या आवारात आहे, पण सुरुवातीची अनेक वर्षे त्याचे बिऱ्हाड नाना चौकातील पालिका शाळेच्या इमारतीत होते. संशोधन संस्थेने शाळेत बिऱ्हाड करावे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. भौतिकशास्त्रज्ञ व्ही. जी. कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली तेथील मंडळींनी दलित व वंचित समाजांतील विद्यार्थ्यांबरोबर काम केले. मुले विज्ञानात मागे पडतात ती बुद्धी कमी म्हणून नव्हे. पाठ्यपुस्तकातील भाषा त्यांच्या घरातील भाषेपासून फार दूर असते, आणि प्रश्न विचारायला लागणारे शब्द त्यांच्यापाशी नसतात. भाषा सोपी केली, प्रयोग हाती दिले, बोलायला वाव दिला, की तीच मुले पुढे येतात, असे या कामातून दिसून आले.

याचा व्यवहारातील अर्थ काय? उपक्रम निवडताना तो कोणत्या भाषेत चालतो हे निःसंकोच विचारावे. मराठीतून प्रश्न विचारले तर चालतील का, हेही विचारावे. शीव-चुनाभट्टी येथील विज्ञान भवनात मराठी विज्ञान परिषदेचे कार्यालय आहे. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे बहुतेक कार्यक्रम मराठीतूनच होतात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने जानेवारी २००९ मध्ये 'चाय अँड व्हाय' हा उपक्रम सुरू केला. रविवारी सकाळी शास्त्रज्ञ चहाच्या कपाबरोबर लोकांशी गप्पा मारतात. जुहूचे पृथ्वी थिएटर आणि माटुंग्याचे रुपारेल महाविद्यालय ही त्याची जुनी ठिकाणे. शुल्क नाही, नावनोंदणी नाही, वयाची अट नाही. बोलणे इंग्रजी-हिंदीत मिसळून चालते, पण प्रश्न अडला म्हणून कोणी हसत नाही. तेथे प्रश्न विचारणाऱ्यांत मोठ्यांपेक्षा मुलांचीच आघाडी असते.

परीक्षा आणि स्पर्धा

पालक मात्र बहुधा विचारतात, "पण परीक्षा कोणती द्यायची?" तेव्हा त्याविषयीही थोडे सांगितले पाहिजे. बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाची होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा १९८१ पासून चालू आहे. ती सहावी व नववीच्या विद्यार्थ्यांसाठी असते. लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक, मग कृतिप्रकल्प आणि मुलाखत. यातील प्रकल्प हाच तिचा खरा गाभा. दुर्दैवाने तिच्याभोवती शिकवण्यांचा मोठा बाजार उभा राहिला आहे, आणि काही ठिकाणी प्रकल्पही तयार मिळतात असे ऐकिवात येते. तयार प्रकल्प घेणाऱ्याला पदक मिळेलही, पण मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला घाम फुटतो.

नववी ते बारावीच्या गुणी विद्यार्थ्यांसाठी ऑलिम्पियाडची पायरी आहे. पहिली परीक्षा नोव्हेंबरच्या सुमारास होते. त्यातून निवडलेल्यांची पुढची परीक्षा, मग होमी भाभा केंद्रात शिबिर, आणि शेवटी देशाचा संघ. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र ऑलिम्पियाड मुंबईतच भरले होते. या परीक्षांच्या जुन्या प्रश्नपत्रिका उत्तरांसह केंद्राच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. परीक्षेला बसायचे नसले तरी त्या सोडवाव्यात. एकेक प्रश्न आठवडाभर डोक्यात घोळत राहतो. केंद्राच्या 'विज्ञान प्रतिभा' उपक्रमातील आठवी ते दहावीचे प्रयोगपाठही असेच खुले आहेत आणि शिक्षकांना वर्गात जसेच्या तसे वापरता येतात.

ज्याला परीक्षेचा तिटकारा आहे त्याने राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेकडे पाहावे. १९९३ पासून भरत आलेल्या या परिषदेत १० ते १७ वर्षांची मुले आपल्याच परिसरातील एखाद्या प्रश्नाचा अभ्यास करून मांडतात. शाळेत जाणारी मुलेच हवीत अशीही अट नाही. आपल्या वस्तीच्या नळाला पाणी किती वेळ येते, गटारात कोणता कचरा तुंबतो, अशा विषयांना तेथे मान आहे.

शिक्षकांनी काय करावे

सालिम अलींच्या मामांची चिठ्ठी आठवते ना? आज ती लिहिण्याचे काम बहुतेक मुलांच्या बाबतीत शिक्षकांनाच करावे लागेल. शाळेच्या कागदावर चार ओळींचे पत्र लिहून "आमच्या शाळेतील सहा विद्यार्थी आपल्याकडे येऊ इच्छितात, त्यांना मराठीतून बोलणारे कोणी भेटेल का?" असे विचारले, तर सहसा नकार येत नाही. या संस्थांतून काम करणारे कार्यकर्ते बरेचदा एकमेकांना ओळखतात. म्हणून एका ठिकाणी गेल्यावर तेथेच दुसऱ्या ठिकाणाची चौकशी करावी. कोणत्याही यादीपेक्षा ही वाट खात्रीची, कारण याद्या जुन्या होतात, वेळा व जागा बदलतात. निघण्यापूर्वी दूरध्वनी करून किंवा संकेतस्थळ पाहून खात्री करून घ्यावी हे ओघानेच आले.

प्रवासाचा प्रश्न खरा आहे. विरार किंवा कल्याणकडून वरळीला यायचे म्हणजे अर्धा दिवस गाडीतच जातो, आणि मुलीला एकटीला पाठवायला घरचे कचरतात. यावर चांगला उपाय म्हणजे गट. चार मुले आणि आळीपाळीने एक पालक. महिन्यातून एकदा जाणे जमले तरी पुरे. मधल्या तीन आठवड्यांत वहीतले काम शाळेतच करता येते.

वर्षाची आखणीही साधारण अशी बसते. जून-जुलैत शाळेकडे स्पर्धांच्या सूचना येऊ लागतात, त्या फलकावर लावून न थांबता वर्गात वाचून दाखवाव्यात. ऑगस्ट-सप्टेंबरात ऑलिम्पियाडच्या नोंदणीकडे लक्ष ठेवावे. पाऊस ओसरल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ आकाशासाठी आणि किनाऱ्यासाठी. २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन, कारण १९२८ मध्ये त्या दिवशी रामन परिणामाचा शोध लागला. त्या सुमारास अनेक संशोधन संस्था, एरवी बंद असलेल्या आपल्या प्रयोगशाळा विद्यार्थ्यांना दाखवतात. महिनाभर आधी पत्र गेले तर जागा मिळण्याचा संभव अधिक.

आणि मे महिन्यात, शाळा बंद असताना, एका प्रयोगासाठी कोठेही जावे लागत नाही. मुंबई सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे १५-१६ मेच्या सुमारास भर माध्यान्ही सूर्य येथे बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या पायातच नाहीशी होते. ही वेळ बाराची नव्हे. आपले घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरचे आहे आणि मुंबई त्याच्या जवळजवळ १० अंश पश्चिमेला, म्हणून येथे माध्यान्ह साडेबारा उलटल्यावर, सुमारे १२ वाजून ३५ मिनिटांनी होते. जुलैच्या २७-२८ तारखेला सूर्य पुन्हा तसाच डोक्यावर येतो, पण तेव्हा ढग बहुधा दाद देत नाहीत. सुट्टीत गावी गेला असाल तर तेथला अक्षांश नकाशात पाहा. मुंबईच्या दक्षिणेकडच्या गावांत हा दिवस थोडा आधी येतो, उत्तरेकडे थोडा नंतर. गच्चीवर एक सरळ नळी ओळंब्याने उभी करा, १२ वाजल्यापासून दर पाच मिनिटांनी सावलीचे टोक खडूने मांडा, आणि गावच्या भावंडांनाही त्याच दिवशी तसेच करायला सांगा. दोन ठिकाणच्या सावल्यांतला फरक आणि दोन गावांतले दक्षिणोत्तर अंतर हाती आले, की पृथ्वीचा परीघ किती, हे त्रैराशिकाने काढता येईल.